दिव्याखालचा वाफा

शेंडा खुडीते शेवंती, माझ्यावरी नको रुसू
एका फांदीच्या होती चार, मग साऱ्या जणी हसू

हा आवाज वासंतीनं ऐकला तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि डोंबिवलीशी तिचं काही नातं नव्हतं. कल्याणहून मामीबरोबर ती कुणाच्या तरी मंगळागौरीला निघाली होती. स्टेशनापासून शेतांच्या बांधावरून वाट जायची. वाटेत एक कौलारू घर लागलं. घराभोवती मेंदीचं उंच कुंपण, आणि कुंपणाच्या पलीकडे कोणी बाई झाडांची समजूत काढावी तशी ओवी म्हणत होती. आवाज जरासा घोगरा. ओळ संपताना तो खाली उतरायचा, दमून पायरीवर टेकल्यासारखा. मेंदी इतकी दाट की बाईचा हात दिसेना की पदर दिसेना. नुसता आवाज, आणि शेंडे खुडल्याची बारीक टकटक.

“चल गं, कान लावून काय उभी राहिलीस?” मामी म्हणाली. “लोकांच्या घरचं ऐकू नये.”

वासंती गेली. त्या मंगळागौरीत ती काय जेवली, कोणते खेळ खेळली, ते सगळं पुढे विसरली. आवाज तेवढा राहिला.

सात वर्षांनी, एकावन्न सालच्या वैशाखात, ती त्र्यंबकरावांची दुसरी बायको होऊन टांग्यातून उतरली, तर समोर तेच मेंदीचं कुंपण. ती टांग्यापाशीच थबकली. जावा-नणंदा म्हणाल्या, नवरी लाजली. कुंपणापलीकडच्या बाईचं नाव सुमती होतं, आणि दोन वर्षांपूर्वी ती विषमज्वरानं गेली होती, हे वासंतीला त्या दिवशी कळलं. घरात सुमतीचा फोटो नव्हता. काढायचा राहून गेला होता. त्यामुळे वासंतीपाशी तिची म्हणून एकच वस्तू होती, तो आवाज. आणि ती गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही.

बिजवराशी लग्न लागलं की सवतीचा टाक गळ्यात घालायचा, ही रीत. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची ठसठशीत आकृती. रोज सकाळी आधी टाकाला कुंकू लावायचं, मग आपल्या कपाळी. वासंतीनं ते कधी चुकवलं नाही. दिवसा टाक मंगळसूत्रात लपून जायचा. अंथरुणाला पाठ टेकली की मात्र तो घसरून गळ्याच्या खळगीत येई आणि तिथे थंडगार पडून राही.

घरामागे विहीर होती आणि पडवीला लागून शेवंतीचा वाफा. सुमती गेल्यावर तो रानासारखा माजला होता. सुमतीची मुलगी शीला, तेव्हा सहा वर्षांची, ठाण्याला आजीकडे, सुमतीच्या माहेरी, राहत होती. लग्नानंतर वासंती तिला आणायला गेली. पोर आजीच्या पाठीमागे उभी राहून एका डोळ्यानं बघत होती.

“घरी येतेस ना?” वासंतीनं विचारलं.

“आईची शेवंती फुलली?”

“आता कशी फुलेल? उन्हाळा आहे ना.”

“मग फुलली की सांग. तेव्हा येईन.”

आजी हसली. तिची एक लेक तिला मागे टाकून गेली होती. नातीला तरी ती सुखासुखी सोडणार नव्हती. म्हणाली, “पोर काय वाईट बोलत नाही हो. आमच्या सुमतीचा हात असा होता की वाळकी काडी खोचली तरी पालवायची. बघू या तुझ्या हाताला काय येतं ते.”

वासंतीनं ते मनावर घेतलं. मूल आपल्या घरी, आपल्या हाताखाली वाढावं एवढंच तिला हवं होतं. त्या घरात दिवसभर कुणाची हाक नसे. त्र्यंबकराव कल्याण जंक्शनला तारघरात. महिन्यातले वीस दिवस रात्रपाळी. सकाळी येत, आंघोळ करून जेवत, आणि भिंतीकडे तोंड करून झोपत.

तिनं जुने बुंधे जमिनीबरोबर छाटले. ज्येष्ठात बाजूचे फुटवे मुळांसकट सोडवून वीत-वीत अंतरावर लावले. आषाढात शेंडे खुडले, श्रावणात पुन्हा खुडले. बोरूच्या काड्यांचा आधार दिला, पेंड भिजवून तिचं पाणी बुडाशी घातलं, मावा दिसला की चुलीतली राख शिंपडली. रोपं अशी तरारली की येणारीजाणारी बघत राहायची. भाद्रपद गेला, आश्विन गेला. दिवाळीत शेजारणीच्या डब्यातल्या दोन काड्यासुद्धा फुलल्या. वासंतीचा वाफा नुसता हिरवागार. एक कळी नाही.

पहिल्या वर्षी म्हणाली, लावणीला उशीर झाला असेल. दुसऱ्या वर्षी लवकर लावली, तरी तेच. झाडं कमरेएवढी वाढली, काळीभोर पानं, आणि शेंड्याला पुन्हा पानंच.

“काय गं वासंती,” शेजारच्या शुभदाकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, “आंघोळ न करता वाफ्यात जातेस का?”

“नाही हो काकू.”

“मग तिची सावली असेल. जीव होता बाईचा त्या वाफ्यात. दुसरीचा हात सोसत नसेल.”

काकू हे बोलल्या आणि लोणचं घालायला आत गेल्या. वासंतीला मात्र तो दिवस सरेना. तिला ते नवीन नव्हतं. तिन्हीसांजा झाल्या, वाफ्यावर काळोख धरू लागला की तो आवाज यायचा. ओवीतले शब्द कळायचे नाहीत, नुसती चाल यायची, आणि शेवटी ते खाली उतरणं. कधी विहिरीच्या बाजूनं, कधी पडवीच्या खांबामागून. एकदा तिनं हिंमत करून उलट ओवी म्हटली. पाट्यावर वाटताना सुचली होती.

सवत माझी सावली, वाफ्याच्या गं काठी
बोलेना ती चालेना, उभी माझ्या पाठी

म्हटली आणि तिला वाटलं, कुणीतरी थांबून ऐकतंय. पुन्हा तिनं त्या वाफ्यात तोंड उघडलं नाही.

लग्नाच्या आधी त्र्यंबकरावांनी घरात वीज घेतली होती. पडवीतला दिवा वाफ्यावरच लोंबायचा. रात्रपाळीच्या पहिल्याच रात्री वासंतीनं तो लावला, तो उजाडेपर्यंत तसाच. दुसऱ्या रात्रीही. मग ते रोजचंच झालं.

“रात्रभर दिवा कशाला गं?” त्र्यंबकरावांनी विचारलं होतं.

“साप निघतात हो विहिरीकडून.”

“साप दिवा बघून माघारी जातात होय? कुणी सांगितलं तुला?” ते हसले. “बरं, राहू दे. आल्यावर मलाही पायरी दिसते.”

साप तिनं एकदाच पाहिला होता, आणि काठीनं हुसकून लावला होता. पण एकदा बोलून गेली होती. सापांची बायको अशी तिची आळीत चेष्टाही झाली. तिला ती चेष्टा बरी वाटली. खरं सांगण्यापेक्षा बरी.

त्रेपन्न सालच्या आश्विनात ठाण्याहून कार्ड आलं. शीलाचा मामा नाताळच्या सुट्टीत नागपूरहून येणार होता. त्याच्याकडे शाळा चांगली, त्याला मुलगी नाही, तो शीलाला घेऊन जाईल म्हणत होता. आजीनं खाली लिहिलं होतं, ‘तुमच्याकडची शेवंती अजून काही फुलली नाही असे कळते. तेव्हा आम्ही होकार दिला आहे.’

त्र्यंबकरावांनी कार्ड वाचून चष्मा पुसला. “पोरीचं भलं होत असेल तर…” म्हणाले, आणि वाक्य तिथंच ठेवून कामाला गेले.

वासंती रात्रभर त्या कार्डाशी बसली नाही. तिनं ठरवलं, फसवायचं. माजिवड्याला फुलांचे मळे आहेत हे तिला ठाऊक होतं. फुललेली चार रोपं मातीसकट आणायची, वाफ्यात खोचायची, आणि आजीला बोलवायचं. फुलं बघून कोण विचारतो, कुठल्या आईची म्हणून?

दुसऱ्याच दिवशी ती गाडीनं ठाण्याला उतरून टांग्यानं माजिवड्याला गेली. मळ्यात रंगूबाई नावाची आगरी बाई ओच्यात फुलं खुडत होती. साठीची, काटक, कपाळावर गोंदण.

“नाताळाला भरून फुललेली रोपं पाहिजेत,” वासंती म्हणाली. “आत्ताच सांगून ठेवते.”

“देऊ की गो बाय. पिवली का ढवली?”

वासंतीनं दोन्ही रंगांकडे पाहिलं. तिला रंग ठाऊक नव्हता. तीन पावसाळे ती ज्या झाडांची आईसारखी उस्तवार करत होती, त्यांचं फूल तिनं पाहिलंच नव्हतं. नवऱ्याला एकदा विचारलं होतं, तर ते म्हणाले होते, “पिवळी असावी. नाही, पांढरीच. का गं, जांभळट होती काहीतरी?” आणि शीलाला कसं विचारणार?

“रंग नाय ठाव?” रंगूबाई हसायला लागली. “कुणाची झाडं हायेत गो? चोरलीस का काय?”

आणि काय झालं कुणास ठाऊक, वासंती बांधावर बसली आणि रडली. सगळं नाही, पण वाफ्याचं तेवढं तिनं सांगून टाकलं. उंची, पानं, खत, पाणी, तीन वर्षं कळी नाही. रंगूबाई खुडलेली फुलं ओच्यात तशीच धरून ऐकत राहिली. एकदाही सावलीचं नाव तिनं काढलं नाही.

“रातच्याला उजेड पडतो का तिच्यावर?”

“पडतो. पडवीतला दिवा असतो.”

“किती वेल?”

“रात्रभर.”

“तं मंग! कली कशी धरंल?” रंगूबाईनं हात झटकला. “ती बघ तिकडची रोपांची वल. मिठागरवाल्यांनी गोदाम बांधला, त्याच्यावर दिवा लावला. औंदा ती वल वांझोटी ऱ्हायली. बाकी सगल्या वली फुलल्या. शेवंतीला मोठी रात लागतं गो. काली, शांत रात. रात मोठी झाली की तिला कलतं, आता फुलायचं. तू तिला कलूच देत नाय.”

‘वांझोटी’ शब्दाला वासंतीनं मान खाली घातली. रंगूबाईच्या ते लक्षात आलं असावं. ती जवळ येऊन बसली. “दिवा बंद कर. दोन महिन्यांत फूल दिसंल. पन मधेच उठून लावायचा नाय. मिनिटभर बी नाय. रात मोडली की ती पुन्ना पानांवर जातं.”

वासंती परत आली ती हलकी होऊन. म्हणजे सुमती नव्हती. दिवा होता. तीन वर्षं जिचा राग म्हणून ती कापत होती, तिचा राग नव्हताच. इतकं सोपं. एक बटण.

तिन्हीसांजेला तिनं पडवीतल्या बटणावर हात ठेवला. आणि तो हात तिथंच राहिला.

कारण समजणं वेगळं आणि काळोख वेगळा. दिवा बंद केला की वाफा दिसेनासा व्हायचा, आणि दिसेनासा झाला की तिथे कुणी असायला जागा व्हायची. कुंपण, विहीर, खांब, सगळं एक व्हायचं, आणि त्या एकातून ती चाल यायची. वासंती दार लावून, कानांवर उशी घेऊन पडायची. गळ्यातला टाक थंड पडायचा. मनाशी म्हणायची, उजेडाचं कारण कळलंय मला, रंगूबाईनं सांगितलंय. आणि मग, एकदाच बघू, कुणी नाही ना तेवढं बघू, म्हणून उठायची, दिवा लावायची. वाफा पिवळ्या उजेडात उभा असायचा, रिकामा. ती लगेच बंद करायची. मिनिटभरही नाही. पण रात्र मोडलेली असायची.

असं रोज. एखादी रात्र तिनं काढली, दोन काढल्या, तिसरीला हात बटणावर गेला. त्र्यंबकराव घरी असत त्या रात्री दिवा आपोआप बंद राहायचा आणि तिला गाढ झोप लागायची. पण त्या रात्री महिन्यातून दहा. नवऱ्याला सांगावं का, असं तिच्या ओठांवर यायचं. पण काय सांगणार? तुमच्या पहिल्या बायकोला मी भिते, म्हणून? तो माणूस सुमतीचं नाव निघालं तरी चष्मा पुसायचा.

धनत्रयोदशीला तिनं एकेक शेंडा बोटांनी चाचपला. पान, पान, पान. आता उद्यापासून काळोख पाळला तरी नाताळ गाठणार नव्हता.

पाडव्याला त्र्यंबकरावांना सुट्टी नव्हती. फराळाचा डबा घेऊन वासंती एकटीच ठाण्याला गेली. सवतीचं माहेर ते आपलं माहेर, म्हणून दर दिवाळीला जायचंच. स्टेशनाबाहेर फुलवाल्या ओळीनं बसलेल्या होत्या, त्यांत रंगूबाई.

“काय गो, फुलली?”

वासंतीनं नाही म्हणून मान हलवली.

“दिवा?”

वासंती पाटीतल्या फुलांकडे बघू लागली. रंगूबाईनं पुढे विचारलं नाही. पाटीतली पांढरी शेवंती उचलून तिनं मोठी वेणी केली, वासंतीला वळवून उभं केलं आणि अंबाड्यात खोचली. “पाडवा हाय. मोकल्या डोक्यानं नको जाऊ.”

तळ्याजवळच्या घरी आजी दारात रांगोळीच्या कडेला उभी होती. वासंती वाकून नमस्कार करायला लागली, आणि आजीचा आशीर्वाद अर्ध्यात थांबला. ती वासंतीच्या अंबाड्याकडे बघत होती.

“फुलली?” आजीनं विचारलं. आवाज एकदम म्हातारा झाला होता. “फुलली होय गं अखेर?”

वासंती वाकलेलीच राहिली. ती काही बोलायच्या आत आतून शीला धावत आली. आठ वर्षांची, परकर-पोलक्यातली, दात पडलेली. तिनं वासंतीच्या खांद्यावर हात टेकून टाचा उंचावल्या आणि वेणीत नाक खुपसलं.

“हीच!” ती ओरडली. “आजी, हीच गं आईची! अशीच पांढरी, मधे हिरवट! मला आठवते ना. आई मला अंगणात बसवून…” पुढे तिला आठवेना. ती पुन्हा वास घेऊ लागली.

वासंतीनं हात मागे नेऊन वेणी चाचपली. हाच रंग. पाटीत पिवळी होती, तांबूस होती, आणि रंगूबाईच्या हाताला हीच लागली होती.

आजी पदरानं डोळे टिपत उंबऱ्यावर बसली. “माझ्या सुमतीनं तुला हात दिला म्हणायचा. मी मेली उगाच… शीले, कपडे भर गं. घरी जायचंय तुला. मामाला मी लिहिते काय ते.”

“आजच?”

“आजच. शब्द म्हणजे शब्द.”

शीला उड्या मारत आत गेली, तशीच परत आली. “मी तिथे गेल्यावर शेंडे खुडू? बाबा म्हणतात तू चार-चार फांद्या काढतेस. आणि किती फुललीत? शंभर? माझ्या पाटीइतकी की शुभदाकाकूंच्या टोपलीइतकी?”

एवढंच करायचं होतं, गप्प राहायचं होतं. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. संध्याकाळी पोर घरी आली असती. वाफा हिरवा बघून रडली असती, मग रमली असती. मुलं रमतात. कुणी सांगितलं असतं, सगळी खुडून वाहिली देवाला. वासंतीच्या हातात शीलाचं बोट होतं, चिकट, रव्याच्या लाडवाचं. ते तिनं हलकेच दाबून धरलं. आता सोडलं तर पुन्हा मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

“शीला,” ती म्हणाली, “ही वेणी बाजारची आहे गं.”

पोरीचं नाक वेणीतून मागे आलं.

“माजिवड्याची रंगूबाई आहे, तिनं घातली. तुझ्या आईची शेवंती नाही फुलली. याही वर्षी नाही.”

उंबऱ्यावर आजीचा पदर डोळ्यांपाशी तसाच राहिला. “मग तोंड मिटून काय उभी होतीस इतका वेळ?” ती म्हणाली.

“चुकलं माझं.”

“चुकलं काय चुकलं! पोरीला कपडे भरायला लावलेस…”

“आजी, थांब ना गं,” शीला म्हणाली. ती वासंतीकडेच बघत होती. बोट तिनं अजून काढून घेतलं नव्हतं. “का नाही फुलली? तू पाणी घालत नाहीस?”

“घालते.”

“आई रागावली तुझ्यावर? शुभदाकाकू आल्या होत्या, त्या आजीला सांगत होत्या.”

“नाही, आई नाही रागावली. शेवंतीला रात्री काळोख लागतो. पडवीतला दिवा तिच्यावर पडतो ना, म्हणून तिला कळी येत नाही. आणि तो दिवा मी लावते. रात्रभर लावते.”

शीला विचारात पडली. तिला हे सोपं वाटलं. “मग नको लावू. बंद कर ना.”

“करते. पुन्हा उठून लावते.”

“सापांसाठी ना? बाबा म्हणाले होते, तू सापांना फार भितेस.”

वासंती खाली बसली. तिचं तोंड आता पोरीच्या तोंडासमोर आलं. आजी दारात होती, ऐकत होती; आणि ती जे ऐकणार होती त्यानंतर ही पोर या घरातून डोंबिवलीला कधीच जाणार नाही, हेही वासंतीला दिसत होतं. तीन वर्षं नवऱ्याला, शेजारणीला, त्या मळ्यातल्या बाईलासुद्धा जे सांगितलं नव्हतं, ते तिनं आता सांगितलं.

“सापांना नाही गं भीत मी,” ती म्हणाली. “तुझ्या आईला भिते. काळोख झाला की मला तिचा आवाज येतो. एकटीनं नाही होत मला तो दिवा मालवणं.”